तळघराचे तीन भाग

लातूरला आम्ही राहायला गेलो ते दादाच्या बारावीसाठी. आई, दादा आणि मी असे तिघं. बाबांची शाळेतली नोकरी लोह्याला, त्यामुळं ते तिथंच राहिले आणि शनिवारच्या एसटीनं यायचे. अर्धं घर गावाकडं आणि अर्धं लातूरला, अशी कितीतरी कुटुंबं तेव्हा होती. आमच्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घराच्या मागच्या दोन खोल्यांत अशीच एक आई आणि तिची लेकरं. सकाळी सहाला सगळीकडून कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या, साडेसहाला गल्ली सायकलींनी भरायची आणि सात वाजता एकदम रिकामी व्हायची. मग दुपारपर्यंत फक्त बायका. आई रोज सकाळी सुशीला करायची, कारण चुरमुरे भिजवून फोडणीला टाकले की झालं आणि पोरांना क्लासला उशीर होत नाही. आजही कुणी सुशीला पुढं ठेवला की मला आधी घाई झाल्यासारखं वाटतं, मग भूक लागते. दादा, म्हणजे प्रकाश, पहिल्या खेपेला मेडिकलला थोडक्यात राहिला होता आणि परत बसणार होता. अशा मुलांना लातुरात रिपीटर म्हणत. मी अकरावीला होते. माझ्याकडून कुणाची फारशी अपेक्षा नव्हती, आणि तेव्हा मला ते सुखाचं वाटायचं.

घरमालक बिराजदार काका पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. भूकंपात त्यांची बायको आणि मुलगी गेली. त्यानंतर त्यांनी लातुरात हे घर बांधलं, पण कुठंच स्लॅब टाकला नाही. त्यांच्या खोलीवर आणि आमच्या खोल्यांवर नुसते पत्रे. उन्हाळ्यात आम्ही भाजून निघायचो, पण आईनं कधी तक्रार केली नाही. काका स्लॅबखाली जात नसत. बँकेत गेले तरी दारातच उभे राहायचे, आणि तिथला शिपाई कागद बाहेर आणून त्यांची सही घ्यायचा. कुणाच्या लग्नाला गेले तर मांडवात बसायचे, कार्यालयात नाही. आईला ते अक्का म्हणायचे. सणाला उदगीरकडच्या पद्धतीनं गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, करायचे आणि पातेलं आमच्या दारात ठेवून हाक न मारता निघून जायचे.

क्लासच्या गल्लीच्या मागं एक तीन मजली इमारत होती. वर एक कोचिंग क्लास, मधे झेरॉक्सची आणि नोट्सची दुकानं, आणि खाली तळघरात कॉम्प्युटरवर खेळ खेळायचं दुकान. दादाचा डबा द्यायला मी एका रविवारी त्याच्या क्लासला गेले, तेव्हा तो तिथं नव्हता. त्याच्या एका मित्रानं नुसतं बोटानं मागच्या इमारतीचं तळघर दाखवलं. तळघरात दहाबारा मशीन, तितकीच मुलं, सगळ्यांच्या कानाला हेडफोन, आणि पडद्यांच्या निळ्या उजेडात त्यांचे चेहरे. दादानं मला बघितलं आणि शेजारची खुर्ची ओढून दिली. मी घरी सांगू नये म्हणून त्यानं मला खेळायला बसवलं. आणि मी खरंच सांगितलं नाही. त्या दिवसापासून दर रविवारी मी आईला मैत्रिणीकडं अभ्यासाला जाते म्हणून सांगायची आणि त्या पायऱ्या उतरायची.

खेळ बंदुकीचा होता. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. पहिल्या भागाची सुरुवात एका तळघरात होते म्हणून मुलं त्याला तळघर म्हणायची. तळघर एक, तळघर दोन, तळघर तीन. एकाच कंपनीचे तीन भाग, पण लढायची रीत तिन्हींची वेगळी. दादाला त्यातच जास्त रस होता. मुलं किती मारले ते सांगायची, आणि दादा विचारायचा की दुसऱ्या भागात आपण भिंतीआड का लपतो आणि पहिल्यात का नाही लपत. आम्ही माझ्या फिजिक्सच्या वहीच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखले आणि तिन्ही भाग शेजारी शेजारी ठेवून लिहायला लागलो. दादा बोलायचा, मी लिहायची. माझं स्वतःचं असं पहिलं डोक्याचं काम मी कुठं केलं असेल तर ते तिथं, त्या उग्र वासाच्या खोलीत.

पहिला भाग पळायचा होता. मिळतील तेवढ्या सगळ्या बंदुका एकाच वेळी अंगावर, गोळ्या भरायची भानगड नाही. समोरच्यानं फेकलेला आगीचा गोळा हळू यायचा, म्हणजे बाजूला सरकून चुकवता यायचा. लागलंच तर औषधाची पांढरी पेटी शोधत फिरावं लागायचं, त्यामुळं जखम झाल्यावरही माणूस हिंडत राहायचा. आणि प्रत्येक शत्रूचा आवाज वेगळा. भिंतीपलीकडं कोण आहे ते दिसायच्या आधी ऐकू यायचं. दादा म्हणायचा की इथं मेलो तर चूक आपलीच. दुसऱ्या भागात शत्रू माणसं झाली. त्यांची गोळी सुटली की लागलीच, चुकवणं नाही. मग भिंतीआड बसणं आलं, दोनच बंदुका निवडणं आलं, गोळ्या भरताना श्वास रोखणं आलं. आपण फार वेळ एका जागी दबून बसलो की ते हातबॉम्ब टाकून उठवायचे, नाहीतर एकजण वळसा घालून मागून यायचा. दादाला हा भाग सगळ्यात हुशार वाटायचा. मला पहिलाच आवडायचा. त्यावरून आमचं भांडण व्हायचं, आणि ते भांडण घरी भाकरी खातानाही खालच्या आवाजात चालायचं. आईला वाटायचं, पोरं अभ्यासाचं बोलून राहिलीत. एकदा तिनं कौतुकानं दादाच्या ताटात तुपाचा जास्तीचा चमचा वाढला. तो त्याला गिळवेना.

तिसरा भाग दिसायला सगळ्यात भारी. पडकी शहरं, धूर, हादरणारी जमीन, कोसळणाऱ्या इमारती. औषधाच्या पेट्या नाहीतच. आडोशाला पाच आकडे मोजेपर्यंत बसलं की जखम आपोआप भरायची. पण एक गोष्ट मला खटकली आणि ती मीच दादाला दाखवली. एका चौकात शत्रू मारून मारून संपतच नव्हते. मी एकदा न मारता सरळ पुढं पळाले, आणि जमिनीवरची न दिसणारी कुठलीतरी रेघ ओलांडल्याबरोबर यायचे बंद झाले. म्हणजे किती मारले याला काही अर्थच नव्हता. दादानं ते चारदा करून बघितलं. दुसरा फरक त्यानं शोधला. पहिल्या दोन भागांत एक कळ दाबली की हवं तिथं खेळ सेव करता यायचा, कधीही उठून जाता यायचं. तिसऱ्यात ती कळ काढून टाकली होती. आता खेळच ठरवायचा कुठं सेव व्हायचं ते. मधेच उठलं तर अर्ध्या तासाची लढाई वाया. वहीत तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं, 'उठू देत नाही.' दादाचा मुलगा आता याच मालिकेचा कितवा तरी भाग खेळतो. मी त्याला विचारलं, मधेच सेव होतं का रे? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की आत्याला काय करायचंय.

पावसाळा संपता संपता जमीन बोलायला लागली. त्याला दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. भर दुपारी, स्वयंपाक चाललेला असताना, पायाखालून लांबवर ट्रक गेल्यासारखा आवाज यायचा. गुडगुड व्हायची आणि थांबायची. भांडी हलायची नाहीत, फक्त माठातल्या पाण्यावर बारीक कड्या उमटायच्या. पहिल्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका रस्त्यावर आल्या. चौथ्या दिवशी निम्म्या आल्या. सरकारी माणसं येऊन गेली आणि घाबरायचं कारण नाही म्हणून सांगून गेली. क्लासवाल्यांनी सुट्टी दिली नाही. परीक्षा काही भूकंप बघून थांबत नाही, असं आमचे फिजिक्सचे सर म्हणाले आणि मुलं हसली. पण ज्यांनी मागचा भूकंप बघितला होता ती माणसं हसत नव्हती. मी तेव्हा लहान होते आणि लोह्यात होते. मला आठवतं ते एवढंच की मोठी माणसं आठवडाभर घरात शिरली नव्हती. बिराजदार काका आता जेवणही अंगणात करायला लागले. आवाज झाला की घास हातात धरून थांबायचे, आणि थांबला की खायचे. आई म्हणायची, त्यांच्याकडं बघवत नाही.

त्या रविवारी दुपारी बाबा परतीच्या एसटीला गेल्यावर आई आणि मी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. काका बाहेरून आले ते सरळ आमच्यापुढं उभे राहिले. क्लासच्या मागच्या त्या इमारतीपुढं त्यांना काँक्रीटचे तुकडे आणि वाकलेले गज पडलेले दिसले होते. त्यांनी पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून आत वाकून बघितलं, तर कोपऱ्यातल्या खांबावरचं प्लास्टिक सुटून लोंबत होतं. तळघरात आणखी टेबलं मावावीत म्हणून मालकानं तो खांब एका बाजूनं तासून घेतला होता. काकांनी त्याला समजावलं, तो म्हणाला तुमचं वय झालं. नगरपालिकेच्या इंजिनिअरला त्याच्या घरी जाऊन सांगितलं, तो म्हणाला लेखी द्या.

"तीन मजले हायत वर," काका म्हणाले. "अन् खाली पोरं खेळून राहिलीत. अक्का, अशा जमिनीत तो खांब टिकायचा न्हाई."

आईनं कपाळाला हात लावला. कुणाची लेकरं असतील देव जाणे, म्हणाली. आपली तरी तसल्या जागी जात नाहीत. मी खाली मान घालून शेंग फोडली. तो कोपरा मला माहीत होता. दादाची खुर्ची त्या खांबाला टेकलेली असायची. त्याच सकाळी मी तिथं बसून आले होते. खांबाला निळं प्लास्टिक गुंडाळलेलं होतं आणि त्याच्या मागं काय आहे हे आम्ही विचारलंही नव्हतं.

तेव्हा तोंड उघडायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते दादाला सांगितलं, आईला नाही. पाण्याच्या टाकीमागं त्याला गाठून सगळं बोलले. त्याचा चेहरा उतरला. पण मग तो म्हणाला की काकांना सगळ्याच इमारती पडणार असं वाटतं. आणि आईला कळलं तर बाबा त्याला लोह्याला घेऊन जातील, वर्ष जाईल, दुसऱ्यांदा.  तिसऱ्या भागाचे शेवटचे दोन टप्पे राहिलेत, तेवढे झाले की परत पाऊल टाकत नाही, असं त्यानं माझ्या गळ्याची शपथ घेऊन सांगितलं. मी मान्य केलं. त्याची दया आली म्हणून केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. खरं असं की मलाही शेवट बघायचा होता. माझा तिसरा रकाना अर्धा रिकामा होता.

सोमवार, मंगळवार, बुधवार. रोज आवाज व्हायचा. रोज दादा संध्याकाळी घरी यायचा आणि मी त्याच्या पायांतली चप्पल बघून श्वास सोडायची. आईनं विचारलं, तुला बरं वाटत नाही का. मी म्हणाले, डोकं दुखतंय.

गुरुवारी दुपारी आमचा फिजिक्सचा तास चालू होता. गुडगुड आली आणि या वेळी थांबली नाही. खडूची डबी टेबलावरून सरकत जाऊन पडली. सर बोलता बोलता थांबले, आणि मग सगळे एकदम दाराकडं. रस्त्यावर आलो तेव्हा हादरा थांबला होता. शेकडो मुलं वह्या छातीशी धरून उभी होती. मी दप्तर तिथंच टाकलं आणि मागच्या गल्लीकडं पळाले.

इमारतीतले वरचे लोक बाहेर आलेले होते. तळघराचा मालक रस्त्यावर उभा होता आणि सगळे बाहेर आले, सगळे आले, असं जो भेटेल त्याला सांगत होता. मी पायऱ्या उतरले. आत धुळीचा पडदा होता, तरी मशीन चालू होती. पाच मुलं अजून बसलेली. पुढं कितीतरी वर्षांनी दादानं मला सांगितलं की त्यांना तो आवाज खेळातला वाटला. तिसऱ्या भागात जमीन सारखीच हादरते, हेडफोनमधून ती गुडगुड दिवसभर कानात असते. खुर्ची हलली तेव्हा एकजण म्हणे कौतुकानं म्हणाला, काय भारी केलंय. मी ओरडले तेव्हा चौघं उठले आणि मला धक्का देऊन पायऱ्यांकडं पळाले. दादा उठला नाही. मी जाऊन त्याचा हेडफोन ओढला. वरून प्लास्टर त्याच्या केसांत पडत होतं. त्यानं मला बघितलं, आणि त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, नुसती चीड होती.

"दोन मिनिटं थांब," तो म्हणाला. "सेव होऊ दे."

मी त्याचा शर्ट धरून ओढला. तो अर्धवट उठला, पण उजवा हात टेबलावरच ठेवून. तेवढ्यात दुसरा हादरा आला. तो छोटा होता, लोक नंतर म्हणाले की त्यांना जाणवलासुद्धा नाही. खांबापाशी कागद फाटावा तसा आवाज झाला, दिवे गेले, आणि कोपरा खाली आला.

मला काही लागलं नव्हतं. दादाच्या शर्टाचा तुकडा माझ्या मुठीत होता. अंधारात तो माझं नाव घेत होता, वैशू, वैशू, अगदी हळू. त्याचा हात तुळईच्या तुटलेल्या टोकाखाली आणि टेबलाच्या मधे सापडला होता. मी दगड ओढायला लागले, तर वरून आणखी माती आली. पायऱ्यांवर माणसं जमली, पण कुणी खाली येईना, आणि मी त्यांना दोष देत नाही. मग कुणीतरी गर्दीतून वाट काढत आलं. बिराजदार काका होते. हातात कुणाच्यातरी जीपचा जॅक. पहिल्या हादऱ्यानंतर ते घरातून सरळ या इमारतीकडं निघाले होते. ते शेवटच्या पायरीवर थांबले. वर छताकडं बघितलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, दमेकऱ्यासारखा. मग ते आत आले.

त्यांनी मला दगडांना हात लावू दिला नाही. एक टेबल आडवं करून छताखाली टेकू दिला, जॅक तुळईखाली बसवला आणि एक एक फेरा देत गेले. प्रत्येक फेऱ्याला थांबून कान देत होते. तोंडानं कानडीत काहीतरी पुटपुटत होते. दादाचा हात मोकळा झाला तेव्हा त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि मला पुढं व्हायला सांगितलं. आम्ही रस्त्यावर आल्यावर थोड्या वेळानं तळघरातून आणखी एक आवाज आला आणि पायऱ्यांतून धूळ बाहेर पडली. मालक तोवर निघून गेला होता.

दादाचा उजवा पंजा वाचला नाही. दवाखान्यात त्याला शुद्ध आली तेव्हा संध्याकाळ होती. कॉटच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आई. काका दारात उभे होते, बाहेरच्या अंगाला, डोक्यावर छत नाही अशा जागी. आई तोवर रडली नव्हती. तिनं माझ्या केसांतली माती बघितली आणि विचारलं, "तो तिथं जातो हे तुला माहीत होतं?"

मी काकांकडं बघितलं. त्यांना सगळं कळलेलं होतं. शेंगा फोडताना मी खाली घातलेली मान त्यांनी बघितली होती.

"नाही," मी म्हणाले.

"तिला न्हवतं माहीत," दादा डोळे मिटूनच म्हणाला. काका दारातून मागं सरकले.

दिवाळीनंतर बाबांनी बदली करून घेतली आणि आम्ही नांदेडला गेलो. सामान टेंपोत चढवताना काकांनी मला अंगणात बाजूला बोलावलं. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी वर पत्र्याकडं बघितलं. मग म्हणाले, "त्या टायमाला आमच्या गावात महिनाभर आवाज येत व्हता. आमची मंडळी म्हणायची, भाईर झोपू. मी ओव्हरसियर. मी म्हटलं, भिंत दोन हाताची हाय, काय व्हत न्हाई. मला उकडलं म्हणून मी एकटा भाईर झोपलो." एवढं बोलून त्यांनी हुग्गीचा डबा माझ्या हातात दिला आणि फाटक उघडायला गेले. त्यांच्याकडं परत जायचं जायचं म्हणता राहून गेलं. ते वारल्याचं आम्हाला वर्षभरानं कळलं.

दादा डॉक्टर झाला नाही. त्यानं डाव्या हातानं लिहायला शिकून गणितात पदवी घेतली आणि नांदेडला शिकवतो. चांगलं शिकवतो. त्या खेळाविषयी आम्ही एकदाच बोललो, तेव्हाच त्यानं हेडफोनमधल्या आवाजाचं सांगितलं. माझ्या 'नाही'बद्दल आम्ही कधीच बोललो नाही. आई मात्र ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. अख्ख्या लातुरात पोरं रस्त्यावर उभी होती आणि माझी पोरगी सरळ भावाकडं पळाली, तिला कुणी सांगितलं नव्हतं, रक्ताला कळतं. पाहुणे माझ्याकडं कौतुकानं बघायचे. दादा उठून पाणी प्यायला जायचा.

मागच्या वर्षी आई आजारी पडली ती उठलीच नाही. शेवटच्या दिवसांत तिला दुपारी कुणीतरी जवळ बसलेलं हवं असायचं. मी तिचे पाय दाबत होते. तिनं मधेच विचारलं, "खरं सांग वैशू, त्या दिवशी तुला कसं कळलं, तो कुठंय ते?"

घरात दुसरं कुणी नव्हतं. सांगता आलं असतं.

"असंच वाटलं गं," मी म्हणाले.

 आईनं पाय ओढून घेतले. "प्रकाशलापण विचारलं होतं. तोपण हेच म्हणाला," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.